तवा, ढोर आणि उंबर: प्रतिमेतून भावना पोचते कशी?

पाणवठा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

आईवर लिहिलेली एक कथा मी गेल्या वर्षी एका दिवाळी अंकाकडे पाठवली होती. ती साभार परत आली. सोबत संपादकांची चार ओळींची चिठ्ठी होती. त्यातलं एक वाक्य तेव्हापासून डोक्यातून जात नाही: "प्रतिमा पुष्कळ आहेत, पण एकही दिसत नाही." कथा पुन्हा काढून वाचली. पहिल्याच पानावर दुःखाचा महासागर, काळोखाची चादर आणि काळजाचं वाळवंट सापडलं. हे सगळं लिहिताना मी खरोखर रडलो होतो. वाचताना मात्र मला स्वतःलाच काही झालं नाही.

मग उलट्या बाजूने सुरुवात केली. ज्या ओळींनी आजवर आत काहीतरी हललं, त्या आठवत बसलो. पहिल्यांदा आल्या त्या बहिणाबाईंच्याच:

अरे संसार संसार
जसा तवा चुल्ह्यावर
आधी हाताला चटके
तव्हां मियते भाकर

यात कष्ट, त्याग, सोसणं असा एकही शब्द नाही. तवा आहे, चूल आहे, हात आहे, भाकर आहे. शाळेत हे 'उपमा अलंकाराचं उदाहरण' म्हणून पाठ केलं होतं, आणि पाच मार्कांपुरतं ते खरंही आहे. पण अलंकाराचं नाव सांगून ओळ का लागते ते कळत नाही. माझा महासागर कोरडा आणि हिचा तवा गरम, असं का?

जाणकारांनी लिहावं. आवडती ओळ आणा, पण ती काम कशी करते तेही सांगा.

रुखवत

तव्यापासूनच सुरुवात करते, कारण मी रोज भाकरी करते.

चटके हे अनेकवचन अगदी नेमकं आहे, पाणवठा. भाकरी थापून उचलून तव्यावर टाकतो, मग वरून पाण्याचा हात फिरवायचा असतो. तेव्हा बोटांना वाफ लागते. उलटताना तव्याच्या कडेचा चटका बसतो. मग ती काढून विस्तवासमोर उभी करून फुगवायची, तिथे तिसरा. एका भाकरीला तीन ठिकाणी हात भाजतो आणि घरात खाणारी माणसं आठ. ज्या बाईने 'चटके' म्हटलं तिने ते मोजलेले आहेत.

दुसरं म्हणजे 'आधी' आणि 'तव्हां'. चटके सोसले 'तर' भाकर मिळेल असा उपदेश ती करत नाही, चुलीपुढे ज्या क्रमाने घडतं तो क्रम फक्त सांगते. म्हणून ती ओळ कुणी वरून शिकवल्यासारखी वाटत नाही.

तुमच्या महासागरात तुम्ही कधी उतरला होतात का? खोचक म्हणून विचारत नाहीये. मी स्वतः समुद्र दोनदा पाहिलाय, मी त्यावर लिहिलं तर तेही असंच होईल.

काळी माती

आमच्याकडच्या माणसाची आठवण निघाली म्हणून लिहितो. मी जळगावकडचा, घरची शेती. आसोदे हे बहिणाबाईंचं माहेर, इथून जवळच. त्यांची बोली ती आमची लेवा गणबोली. 'ळ'चा 'य' होतो तो त्यामुळे. मियते म्हणजे मिळते, कयस म्हणजे कळस, वढाय म्हणजे वढाळ. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरच्यांनी ओव्या उतरवून घेतल्या म्हणून त्या राहिल्या. १९५१च्या डिसेंबरात त्या गेल्या आणि संग्रह आला १९५२ला.

आता ही ओळ बघा:

मन वढाय वढाय
उभ्या पिकातलं ढोर
किती हाकला हाकला
फिरी येतं पिकांवर

मन भटकतं, एवढंच सांगायचं असतं तर पाखरू पुरलं असतं. पाखरू त्यांनी पुढे आणलंही आहे त्याच कवितेत. पण पहिलं ढोर का? शहरातल्या वाचकाला यात नुसतं फिरणारं जनावर दिसतं. ज्याने रात्री कंदील घेऊन ढोर हाकललंय त्याला आणखी दोन गोष्टी दिसतात. एक, वढाळ ढोर रस्ता चुकलेलं नसतं. त्याला चव लागलेली असते. हाकललं की बांधापर्यंत जातं, मान वळवून बघतं, आणि तुम्ही पाठ फिरवली की परत पिकाच्या त्याच ओळीत येऊन उभं राहतं. 'फिरी येतं' म्हणजे हे. दोन, पीक उभं आहे. म्हणजे पेरणी, निंदणी, कोळपणी सगळं होऊन हातातोंडाशी आलेलं. ढोर खातंय ते तुमचंच खातंय. मन नुसतं उनाड नाही, ते स्वतःच्याच कमाईत तोंड घालतं. हे सगळं 'उभ्या पिकातलं' या दोन शब्दांत बसलंय.

आता खरी गंमत. वढाळ ढोराला आम्ही काय करतो? गळ्यात लोढणं बांधतो. लाकडाचा जड ओंडका. पळायला गेलं की पुढच्या पायांवर आपटतो. आणि संसाराच्या कवितेत बहिणाबाई काय म्हणतात?

अरे संसार संसार
नही रडनं, कुढनं
येड्या, गयांतला हार
म्हनू नको रे लोढनं

म्हणजे मन ढोर आहे हे ही बाई मान्य करते, पण संसार लोढणं आहे हे मान्य करत नाही. दोन कविता वेगळ्या आहेत, पण गोठा एकच आहे. मला हे कुणी शिकवलं नाही, दोन वर्षांपूर्वी आमच्याच एका गोऱ्ह्याला लोढणं बांधताना सुचलं. आणि तेव्हा मी खरोखर दोर हातात धरून थांबलो होतो.

त्याच कवितेत भिलावाही आहे. 'म्हनू नको रे भीलावा, त्याले गोड भीमफूल, मधी गोडंब्याचा ठेवा.' बिब्ब्याचं तेल कातडीला लागलं तर फोड येतात, पण त्याचं फूल वाळवून खातात आणि आतली गोडंबी बाळंतिणीच्या लाडवात पडते. एकाच फळात हे सगळं आहे. त्यांनी नवीन काही कल्पिलेलं नाही, फळ नीट फोडून दाखवलंय.

शाईची बाटली

वाचतोय. लोढण्याचं आयुष्यात लक्षात आलं नव्हतं, आणि कविता पाठ आहेत.

निवृत्त मास्तरीण

काळी माती यांचा प्रतिसाद वर्गात वाचून दाखवायला हवा होता. तीस वर्षं मराठी शिकवलं, पण मी ढोर हाकललेलं नाही, त्यामुळे 'मनाची चंचलता' यापलीकडे मी मुलांना नेलं नाही. याचं आज वाईट वाटतंय.

मी दुसऱ्या टोकाची कविता मांडते. बहिणाबाई 'जसा' म्हणून सांगतात: हे म्हणजे ते. बालकवींच्या 'औदुंबर'मध्ये शेवटच्या ओळीपर्यंत कशालाही कशाचीही उपमा नाही. आठ ओळी. झरा, बेटं, टेकडीकडे चार घरांचं गाव, शेतमळे. नुसतं दिसणारं सांगितलंय. मग शेवटच्या चार ओळी:

पायवाट पांढरी तयांतुनी अडवीतिडवी पडे
हिरव्या कुरणांमधुनी चालली काळ्या डोहाकडे
झांकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर

आधी मुलांना मी फक्त रंग लिहून काढायला सांगायची. हिरवाळी, निळासावळा, हिरवी, पांढरी, हिरव्या, काळ्या, काळिमा. फळ्यावर हे शब्द एकाखाली एक आले की वर्ग आपोआप शांत व्हायचा. उजेडातून अंधाराकडे जाणारी एक उतरण त्यांना दिसायची. कवी दुःखी आहे असं एकदाही म्हणत नाही. तो फक्त पायवाटेला डोहाकडे जाऊ देतो.

आणि मग बसलेला औदुंबर. झाड उभं असतं, ते इथे बसलंय, पाय पाण्यात सोडून, घाटाच्या पायरीवर एखादं माणूस बसावं तसं. एका क्रियापदाने झाडाचा माणूस झाला. त्यानंतर कविता एक शब्दही बोलत नाही.

अर्धविराम

मास्तरीणबाई, माझ्या मते ती निराशेचीच कविता आहे. काळा डोह, पाण्यावर पसरणारी काळी सावली, एकटं झाड. बालकवी १९१८मध्ये भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली गेले, वयाच्या २८व्या वर्षी. ते डोक्यात ठेवून वाचलं की शेवटची ओळ थरकाप उडवते.

निवृत्त मास्तरीण

अर्धविराम, मृत्यू आपल्याला माहीत आहे, कवितेला माहीत नाही. तिच्यावर तो मागून लादणं मला पटत नाही.

कवितेतलंच बघू. काळिमा आहे, पण कसा? 'गोड'. तो शब्द तुमच्या वाचनात कुठे बसतो? उंबर हे दत्ताचं झाड. त्याच्या पारावर माणसं निवांत बसतात, त्याच्या सावलीची भीती कुणाला वाटत नाही. त्यामुळे विरक्त, शांत असा योगी पाहणारे वाचकही आहेत आणि त्यांच्याकडेही आधार आहे.

अर्धविराम

'गोड' माझ्या हातून निसटला होता, मान्य. पण मग माझंही काळं तुम्ही पुसू नका. 'काळ्या डोहाकडे' असं स्पष्ट म्हटलंय. माझी आजी म्हणायची, डोहाकडे एकट्याने जायचं नाही. गावात वाढलेल्या कुणालाही डोह हा शब्द नुसता पाण्याचा वाटत नाही.

निवृत्त मास्तरीण

नाही पुसत. इथेच आपलं जुळतंय बहुतेक. उदासीही खरी आणि तिच्यात पाय सोडून बसायचा मोहही खरा, म्हणून तर 'गोड काळिमा'. 'उदास पण शांत' असं लिहिलं असतं तर आपण दोघांनी मान डोलावून पान उलटलं असतं. झाड ठेवलं म्हणून शंभर वर्षांनी आपण दोघं इथे भांडतोय.

भायखळा

सगळं शेत, चूल आणि झाडं चाललंय म्हणून शहराकडून दोन शब्द. मर्ढेकरांचे पिंपातले उंदीर.

पिपात मेले ओल्या उंदिर;
माना पडल्या, मुरगळल्याविण;

'ओल्या पिपात उंदिर मेले' हे सरळ वाक्य झालं असतं. इथे 'मेले' मध्येच येऊन पडलंय आणि 'ओल्या' आपल्या पिपापासून तुटलाय. शब्दांच्याही माना पडल्यात. ही प्रतिमा फक्त वस्तूची नाही, ती वाक्याच्या मोडणीत गेलीय. आणि शेवटाकडे 'पिपांत उंदिर न्हाले! न्हाले!'. न्हाणं हा आपल्याकडे कुठला शब्द आहे? दिवाळीच्या पहाटेचा, हळदीचा, न्हाऊमाखू घालण्याचा. तो बुडून मेलेल्या उंदरांना लावलाय. मला प्रत्येक वेळी तिथे शहारा येतो. गिरण्यांच्या, चाळींच्या, युद्धाच्या काळातल्या मुंबईत माणूस कसा जगत होता याचं वर्णन त्यात नाही. 'जगायची पण सक्ती आहे' एवढीच ओळ काय ती उघड बोलते.

नारायण सुर्वेंचा 'भाकरीचा चंद्र' घ्या. मराठी कवितेत चंद्र कायम प्रेयसीचा, कोजागरीचा. सुर्वे गिरणगावात वाढले, कामगार होते. त्यांनी तोच चंद्र घेतला आणि ताटात ठेवला. आकार तोच, गोल. पण तो शोधण्यातच जिंदगी बरबाद झाली म्हटल्यावर आधीचे सगळे चंद्र जरा परके वाटायला लागतात. माझे वडील गिरणीत होते, संपानंतर आमच्या घरी ही ओळ कुणी म्हणत नसे. गरज नव्हती.

काळी माती

भायखळा, एक सांगतो. मर्ढेकरांचा जन्म फैजपूरचा आणि बालकवींचा धरणगावचा. बहिणाबाईंसकट तिघंही आजच्या जळगाव जिल्ह्यातले. तवा, डोह आणि पिंप, सगळं एकाच मातीत जन्मलेल्यांचं. याचा अर्थ काही लागतो असं नाही, पण मला बरं वाटलं.

सातासमुद्र

इकडे अमेरिकेत रविवारच्या मराठी शाळेत शिकवते. ज्ञानेश्वरांची 'पैल तो गे काऊ कोकताहे' घेतली होती. मुलांना विचारलं, कावळा म्हटलं की काय वाटतं? सगळ्यांचं एकच उत्तर: भीती, भुताटकी. अंगणात कावळा ओरडला की पाहुणा येणार, हे त्यांना माहीतच नाही. मग विरहिणी त्या कावळ्याला सोन्याने पाय मढवीन म्हणते, यात तिची आतुरता मुलांना कशी दिसणार? बरं, आपल्याकडेही तोच कावळा पिंडाला शिवायला येतो. छपरावर बसला तर येणाऱ्याचा, पिंडाजवळ बसला तर गेलेल्याचा. पक्षी एक आणि भावना अगदी उलट. कावळा स्वतः काहीच सांगत नाही, ऐकणाऱ्यांच्या घरात काय चालत आलंय त्यावर सगळं आहे.

शेवटी मुलांना सांगितलं: आजीचं विमान उतरलंय आणि तुम्ही दाराची बेल कधी वाजते म्हणून कान लावून बसलाय, तो कावळा म्हणजे ती बेल. एक मुलगी पटकन म्हणाली, म्हणजे ती कावळ्याशी बोलतच नाहीये. बरोबर समजलं तिला.

रुखवत

पाणवठा, तुमची कथा आईच्या जाण्याची आहे म्हणून बहिणाबाईंचीच दुसरी कविता आठवून देते. तरुणपणीच त्यांचे यजमान गेले. त्यावर त्या म्हणतात:

लपे करमाची रेखा
माझ्या कुंकवाच्या खाली
पुशीसनी गेलं कुंकू
रेखा उघडी पडली

आणि आणखी एका कवितेत धरतीमातेला विचारतात, अशी कशी जादू झाली, 'झाड गेलं निंघीसनी, मांगे सावली उरली'.

झाड गेलं की सावली जाते, हा सृष्टीचा नियम. इथे झाड गेलं आणि सावली राहिली. गेलेलं माणूस घरात कसं राहतं, ते याहून थोडक्यात मी कुठे वाचलेलं नाही. माझे सासरे गेल्यावर त्यांच्या खुर्चीत वर्षभर कुणी बसलं नाही. ठरवून नव्हे. येता-जाता सगळे तिला वळसा घालून जायचे. तेव्हा ही ओळ मला कळली.

तुमच्या घरात आईची कुठली सावली उरलीय? ती शोधा. महासागर राहू दे.

पाणवठा

चार दिवस काही लिहिलं नाही, कारण रुखवतताईंचा प्रश्न घेऊन घरात हिंडत होतो. कथेचं पहिलं पान फाडलं. नवीन लिहिलंय ते इथे टाकतो. निर्दयपणे वाचा.

*ज्येष्ठात आईने लोणचं घातलं आणि श्रावणात ती गेली. चिनी मातीची बरणी फडताळाच्या खालच्या कप्प्यात होती. दिवसकार्य झाल्यावर घरात पहिल्यांदा साधं वरण-भात झाला, तेव्हा बायकोने न विचारता बरणी काढली. दादरा सोडला, कोरड्या चमच्याने चार फोडी काढल्या, पुन्हा बांधली. ओल्या हाताने बरणीला शिवायचं नाही, ही आईची ताकीद आम्ही तिच्या हयातीत जितकी पाळली नसेल तितकी आता पाळत होतो. दिवाळीपर्यंत फोडी अर्ध्या झाल्या. मग धाकटी एक फोड दोघींत वाटून घ्यायला लागली. संक्रांतीनंतर नुसता खार उरला. त्यात कुणी बोट बुडवलं नाही. बरणी तशीच आहे. आमचं दुःख त्या बरणीसारखंच मुरत गेलं होतं.*

निवृत्त मास्तरीण

शेवटचं वाक्य काढा. बाकी हात लावू नका.

भायखळा

मास्तरीणबाईंशी सहमत. 'दुःख' आलं आणि बरणी दिसेनाशी झाली. 'बरणी तशीच आहे' वर थांबा.

पाणवठा

काढलं. लिहिताना ते वाक्य मला सगळ्यात आवडलं होतं.

अर्धविराम

'फोडी अर्ध्या झाल्या' हे मोजल्यासारखं वाटतं. चमचा किती खोल जायला लागला, ते लिहिता येईल का? बरणीत डोकावावं लागायला लागलं असेल.

पाणवठा

हो, खरंच तसं झालं होतं. चमचा बदलला होता आम्ही. आधीचा पुरेना म्हणून लांब दांड्याचा पळा घेतला. विसरूनच गेलो होतो. घालतो.

काळी माती

एक विचारू का? दादरा 'पुन्हा बांधली' असं लिहिलंय. कुणाची गाठ ती? आमच्याकडे बरणी बाईच्या गाठीवरून ओळखतात. माझी आई दोन वेढे देऊन आत खोचते, बायको सरळ निरगाठ मारते.

पाणवठा

दादा, आताच उठून बघून आलो. बायकोची गाठ आहे. आई सुती दोरा तीनदा फिरवून टोक आत दुमडायची, ओढलं की सुटायचं. ती गाठ त्या पहिल्या वरण-भाताच्या दिवशीच सोडली गेली. मी समोर पाटावर बसलो होतो. दोरा जमिनीवर पडला, तो नंतर केरात गेला असणार. तेव्हा आमचं सगळ्यांचं लक्ष फोडींकडे होतं.